घर अजून शिल्लक आहे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गोव्यातल्या भाड्याच्या आणि विकतच्या घरांविषयी आलेल्या पत्रांतली निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकच आहे: जाहिरातीत घर आहे, फोनवरही आहे, पण प्रत्यक्षात ते आपल्याला मिळेल की नाही हे आधी कसे कळावे?

प्रश्न : मी सावंतवाडीचा. पर्वरीत नोकरी लागली आहे. पोर्टलवर दोन बेडरूमचे फ्लॅट भाड्याने दिसतात. फोन केला की ‘आहे, या’ म्हणतात आणि पोचल्यावर ‘तो कालच गेला, दुसरा दाखवतो’ असे सांगतात. निघण्यापूर्वीच खात्री कशी करावी?

हे का घडते ते आधी समजून घ्या, म्हणजे काय विचारायचे ते आपोआप कळेल. गोव्यात घरमालक सहसा एकाच एजंटाला बांधलेला नसतो. एक फ्लॅट चार-पाच एजंटांकडे असतो आणि प्रत्येकाने आपापली जाहिरात टाकलेली असते. त्यातल्या एकाने घर लावून दिले, तरी बाकीच्यांना मालक कळवत नाही. जाहिरात मात्र मुदत संपेपर्यंत दिसत राहते. ‘आज अद्ययावत’ असा शेरा पुष्कळदा एका बटणाने येतो. त्या दिवशी कोणी घराची चौकशी केली, असा त्याचा अर्थ नाही. काही एजंट गेलेल्या घराची चांगली जाहिरात मुद्दाम ठेवतात, कारण तिच्यावर फोन येतात. एकच फोटो दोन-तीन जाहिरातींत वेगवेगळ्या भाड्याने दिसले, तर सर्वांत स्वस्त जाहिरात बहुधा गळाला लावलेली असते.

म्हणून ‘फ्लॅट आहे का?’ एवढेच विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ येणार. ज्याच्याकडे खरोखर किल्ली आहे त्यालाच सांगता येईल असे विचारा: इमारतीचे नाव काय, मजला कितवा, घर कधीपासून रिकामे आहे, किल्ली कोणाकडे आहे, मालकाशी शेवटचे बोलणे कधी झाले, आणि कोणत्या तारखेपासून राहायला जाता येईल. ‘इमारतीचे नाव इथे आल्यावर सांगतो’ म्हणणारा माणूस बहुधा तुम्हाला दुसरेच घर दाखवणार आहे. एजंटांना आपला गिऱ्हाईक परस्पर मालकाकडे जाईल अशी भीती असते, ती समजण्यासारखी आहे. अशा वेळी ‘दलाली तुमचीच, पण आज मालकाला विचारून मला कळवा’ असे स्पष्ट सांगावे. भाड्याच्या घराची दलाली गोव्यात बहुधा एक महिन्याचे भाडे असते. ती किती आणि कधी द्यायची, हेही याच फोनवर ठरवून घ्या.

फोन झाला की लगेच लेखी संदेश पाठवा. मजकूर साधा असू द्या: ‘अमुक इमारत, दुसरा मजला, दोन बेडरूम, भाडे इतके, अनामत इतकी, सोसायटीचा खर्च भाड्यात धरून. शनिवारी अकराला पाहायला येतो. घर शिल्लक असल्याचे मालकाला आज विचारून कळवावे.’ तोंडी ‘हो’ म्हणणारे पुष्कळ जण लेखी ‘हो’ म्हणताना मालकाला खरोखर फोन करतात. या संदेशाचा खरा उपयोग तो आहे.

मग त्याच दिवशी काढलेला व्हिडिओ मागा. दारापासून सुरुवात, स्वयंपाकघरातला नळ सोडलेला, खिडकीतून बाहेरचे दृश्य आणि शेवटी विजेचा मीटर. भर मेमध्ये पाठवलेल्या व्हिडिओत बाहेर हिरवेगार गवत असेल, तर तो गेल्या पावसाळ्यातला आहे. विजेच्या बिलावरून आणखी एक गोष्ट कळते. रिकाम्या घराचे गेल्या महिन्याचे युनिट अगदी थोडे असतात. ते दीडशे-दोनशे असतील तर घरात अजून कोणी राहते आहे, आणि ‘रिकामे आहे’चा अर्थ ‘रिकामे होणार आहे’ असा घ्यावा. जुना भाडेकरू ठरल्या तारखेला निघेलच याची हमी मालकालाही नसते, म्हणून त्याने लेखी नोटीस दिली आहे का हे विचारा.

पुढचा मुद्दा बाहेरून येणाऱ्यांना फारसा ठाऊक नसतो. किनारपट्टीच्या गावांत, म्हणजे कळंगुट, कांदोळी, हणजूण, मोरजी या भागांत, पुष्कळ घरे फक्त जून ते सप्टेंबर एवढीच भाड्याने मिळतात. ऑक्टोबरपासून मालकाला ती पर्यटकांना द्यायची असतात. जाहिरातीत हे लिहिलेले नसते आणि भाडे आकर्षक दिसते. पहिल्याच फोनवर विचारा: ‘अकरा महिन्यांचा करार करणार, की पावसाळ्यापुरते देणार?’ पर्वरी, म्हापसा, पणजी, फोंडा इथे हा त्रास कमी. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), ताळगावचे विद्यापीठ आणि फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या आसपास मात्र मे-जूनमध्ये घरे रिकामी होतात आणि जाहिरातीपर्यंत न येता विद्यार्थ्यांकडून विद्यार्थ्यांकडेच जातात. तिथे पोर्टलपेक्षा महाविद्यालयाचा सूचनाफलक, इमारतीचा वॉचमन आणि कोपऱ्यावरचा दुकानदार यांच्याकडे ताजी माहिती असते.

घर रिकामे असूनही तुम्हाला मिळणार नाही, असेही होते. ‘फक्त कुटुंबाला’, ‘शाकाहारीच हवेत’, ‘कुत्रा चालणार नाही’ या अटी जिना चढल्यावर कळू नयेत. आपण किती जण, नोकरी कुठे, गाडी आहे का हे स्वतःहून सांगून टाकावे.

निघण्याच्या सकाळी पुन्हा फोन करा आणि ‘निघतोय’ असे सांगा. एका खेपेत एकाच भागातली किमान तीन घरे ठरवून घ्या, म्हणजे एक गेले तरी दिवस वाया जात नाही. पर्वरीचे एक, मडगावचे एक अशी मांडणी करू नका. दोन ठिकाणांमधल्या रहदारीतच वेळ जातो आणि दुसरे घर तुम्ही पोचण्याआधी दुसऱ्याला दिले जाते.

प्रश्न : फोंड्यात एक घर पसंत पडले. मालकाला यूपीआयने पाच हजार रुपये टोकन दिले. चार दिवसांनी ते म्हणाले, ‘दुसऱ्याने जास्त भाडे कबूल केले, तुमचे पैसे परत घ्या.’ आम्हाला काही हक्क नाही का?

नुसत्या रकमेच्या नोंदीवर तुमची बाजू लंगडी पडते, कारण ती रक्कम कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिली हे कुठेच लिहिलेले नाही. पैसे परत मिळत असतील तर घ्या आणि मोकळे व्हा. एवढ्या रकमेसाठी भांडत बसण्यात घर शोधायचा वेळ जातो.

पुढच्या वेळी पैसे देण्यापूर्वी विसार पावती लिहून घ्या. वहीचा एक कागद पुरतो. त्यावर मालकाचे पूर्ण नाव, घर क्रमांक किंवा फ्लॅट क्रमांक, ठरलेले भाडे आणि अनामत, विसाराची रक्कम, घर कोणत्या तारखेपर्यंत राखून ठेवले आहे आणि करार कधी करायचा, हे लिहा. शेवटी दोन वाक्ये हवीतच: मालकाने दुसऱ्याला घर दिले तर विसार किती दिवसांत परत करायचा, आणि तुम्ही माघार घेतली तर त्यातले किती कापायचे. दोघांच्या सह्या घ्या. यूपीआयने पैसे पाठवताना टिपणात ‘फ्लॅट क्रमांक अमुक, विसार’ असे लिहा. राखून ठेवण्याची मुदत आठवड्याहून जास्त मागू नये. मालकालाही रिकाम्या घराचा तोटा असतो, आणि लांबलेली मुदत हीच बहुधा मोडते.

पैसे घेणारा मालकच आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. घरपट्टीची पावती, विजेचे बिल आणि ओळखपत्र एकत्र पाहा. बिल एकटे पुरत नाही. गोव्यात कित्येक मीटर अजून बिल्डरच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर आहेत, त्यामुळे नाव जुळले नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही आणि जुळले म्हणून मालक ठरत नाही. जुना भाडेकरूच परस्पर पोटभाडेकरू ठेवत असेल, तर पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणारा अर्ज भरताना तो टाळाटाळ करतो. हा अर्ज मालकाने भरायचा असतो. ‘त्याची गरज नाही’ असे म्हणणाऱ्याकडून घर घेऊ नका.

प्रश्न : मडगावजवळच्या एका नव्या प्रकल्पात ‘आता शेवटचे दोनच फ्लॅट उरले’ असे सांगून लगेच बुकिंग करायला सांगत आहेत. खरेच दोनच उरलेत का, हे बाहेरच्या माणसाला तपासता येते का?

येते, आणि घाईच्या दबावावर हाच उपाय आहे. रेरा (घरबांधणी प्रकल्पांचे नियमन करणारा) कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ११ नुसार बिल्डरने रेराच्या संकेतस्थळावर आपल्या प्रकल्पाच्या पानावर किती आणि कोणत्या प्रकारच्या सदनिकांचे बुकिंग झाले याची यादी दर तीन महिन्यांनी अद्ययावत करायची असते. जाहिरातीवरचा नोंदणी क्रमांक घ्या. गोव्यातल्या प्रकल्पांचा क्रमांक ‘पीआरजीओ’ या अक्षरांनी सुरू होतो. तो गोवा रेराच्या संकेतस्थळावर टाका. एकूण सदनिका, बुक झालेल्या, मंजूर आराखडे, पूर्ण करण्याची तारीख हे सगळे तिथे असते. शेवटची माहिती कोणत्या तिमाहीची आहे ते आधी पाहा. तीन महिन्यांपूर्वी चोवीसपैकी नऊ बुक असतील आणि आज ‘दोनच उरले’ म्हणत असतील, तर मधले तेरा कोणते असे शांतपणे विचारा. अशक्य नाही, पण खरा बिल्डर मजल्यांचा तक्ता समोर ठेवून ते दाखवू शकतो.

‘उरलेले दोन’ कोणाच्या वाट्याचे आहेत, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. गोव्यात बिल्डर पुष्कळदा जमीन विकत न घेता भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, करार करतो आणि जमिनीच्या बदल्यात त्याला ठरावीक फ्लॅट देतो. बिल्डरच्या वाट्याचे संपल्यावर विक्रीला येतात ते भाटकाराच्या वाट्यातले. ते घेण्यात गैर काही नाही. फक्त विकणारा मग जमीनमालक असतो, त्याच्या कुटुंबातल्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि बिल्डरच्या विक्री-प्रतिनिधीला ते विकण्याचा अधिकार लेखी दिलेला आहे का हे पाहावे लागते. दोघांमधला विकासकरार मागा. वाट्याची यादी फ्लॅट क्रमांकांसह त्याला जोडलेली असते.

एखादे बुकिंग रद्द झाल्यामुळे फ्लॅट ‘परत आला’ असे सांगितले, तर पहिल्या ग्राहकाशी नोंदणीकृत करार झाला होता का ते विचारा. झाला असेल तर रद्दपत्रही नोंदणीकृत हवे. ते नसेल तर कागदोपत्री त्या फ्लॅटचा पहिल्याशी झालेला व्यवहार अजून कायम आहे. एकच फ्लॅट दोघांना विकला जाण्याची प्रकरणे इथूनच निघतात.

बुकिंगच्या वेळी किती पैसे द्यायचे, हेही कायद्याने ठरवले आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. पावतीवर फ्लॅट क्रमांक, मजला आणि चटई क्षेत्र घालून घ्या. ‘दोन बेडरूमचा एक फ्लॅट’ एवढेच लिहिलेली पावती कोणताही फ्लॅट राखून ठेवत नाही. प्रकल्पावर बँकेचे कर्ज असेल, तर तुमच्या फ्लॅटपुरते बँकेचे ना-हरकत पत्र लागते. तेही आताच मागा, करार झाल्यावर नव्हे.

जमीन ५०० चौरस मीटरपर्यंतची किंवा सगळे टप्पे धरून सदनिका आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. गावातले चार-सहा व्हिलांचे प्रकल्प पुष्कळदा यात बसतात. तिथे संकेतस्थळाचा आधार नसतो, म्हणून वकिलाकडून सब-रजिस्ट्रार कार्यालयात शोध घ्यावाच लागतो.

प्रश्न : डिचोली तालुक्यातले जुने घर विकाऊ आहे. विकणारे गृहस्थ गावात राहतात, एक भाऊ पोर्तुगालमध्ये आणि बहीण मुंबईत. ते म्हणतात, ‘घर मोकळे आहे, कोणाला शब्द दिलेला नाही.’ हे कसे तपासावे?

अशा घरात किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचेच घर आहे असे वाटते. जुन्या घराची विक्री इथेच फसते, म्हणून हे उत्तर थोडे लांब देत आहोत.

आधी सर्वे क्रमांक घ्या, तोही उपविभागासह. नुसता ‘४५’ नको, ‘४५ चा ३’ असा पूर्ण हवा. त्याचा एक व चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदींचा उतारा, काढा. शहरी भागात त्याऐवजी शहर मोजणीतला चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर लागतो. उताऱ्यावर कब्जेदारांची नावे, कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना हे तीन भाग वाचा. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर घराभोवतीची जमीन मोकळी नाही. आवारात मुंडकाराचे (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर असेल, तर १९७५ च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण त्याला आहे आणि ती जागा तुमच्या हिशेबातून वगळा. मुंडकाराची नोंद उताऱ्यावर नसतानाही घर उभे असू शकते, म्हणून आवारात फिरून प्रत्येक चुलीमागे कोण राहते ते विचारा.

आता विकणाऱ्यांविषयी. वडील वारले असतील तर वारस कोण हे कागदाने ठरलेले हवे: न्यायालयातली इन्व्हेंटरी (वारस आणि वाटप ठरवण्याची कार्यवाही) झालेली असावी, किंवा निदान नोटरीसमोरचे वारसांचे लेख हवे. गोव्यात कुटुंबासाठी पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा लागू आहे आणि विवाहानंतर संपत्ती बहुधा दोघांची समाईक होते. त्यामुळे स्थावर विकताना पती आणि पत्नी दोघांची सही लागते. तीन भावंडे म्हणजे तीन सह्या नव्हेत. त्यांचे जोडीदार धरून त्या सहा होतात. ‘बहिणीने हक्क सोडला आहे’ असे सांगितले, तर ते हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का पाहा.

परदेशातल्या भावाचे मुखत्यारपत्र असेल, तर ते तिथल्या भारतीय वकिलातीसमोर केलेले किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचे प्रमाणीकरण) असलेले हवे, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरलेला हवा. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते संपते. म्हणून व्हिडिओ कॉलवर त्या भावाशी स्वतः बोला आणि एकच थेट प्रश्न विचारा: ‘हे घर एवढ्या किमतीला विकायला आपली संमती आहे का?’ घर विक्रीला काढलेय हेच पुष्कळदा परदेशातल्या भावंडाला ठाऊक नसते. ते कळले की व्यवहार तिथेच थांबतो, आणि विसार देण्यापूर्वी थांबला तर तुमचे भले आहे.

‘कोणाला शब्द दिलेला नाही’ हे तपासण्यासाठी तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयातून बोजा नसल्याचा दाखला काढा. गोव्यात त्याला निल एन्कम्ब्रन्स म्हणतात. वकील सहसा तीस वर्षांचा शोध घेतात. दोन ठिकाणी चूक होते. एक म्हणजे नावाचे लेखन. नोंदणी कार्यालयातली नावांची सूची रोमन लिपीत असते आणि जुन्या कागदांत आडनावे पोर्तुगीज वळणाची असतात: प्रभू ‘पोरोबो’ होतात, कामत ‘कामोतीम’ होतात, शेणवी ‘सिनाय’ होतात. एकाच वळणाने शोधले तर अर्धे व्यवहार सापडत नाहीत. दुसरी चूक तारखेची. दस्तावर सही झाल्यापासून नोंदणीला सादर करायला कायद्याने चार महिने मिळतात, आणि नोंदणी झाल्यावर तो दस्त सहीच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे काल काढलेला स्वच्छ दाखला गेल्या चार महिन्यांतल्या नोंद न झालेल्या दस्ताविषयी काही सांगत नाही. म्हणून दाखला दोनदा काढावा: विसारापूर्वी एकदा आणि विक्रीखताच्या आठवड्यात पुन्हा एकदा.

ही फट बुजवण्यासाठी तीन गोष्टी एकत्र करा. वकिलामार्फत स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. साधारणपणे हरकतींसाठी १४ दिवसांची मुदत देतात. गावात मराठी दैनिक वाचतात तसे इंग्रजीही वाचतात, तेव्हा एकेकात एक द्यावी. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विकणाऱ्यांच्या नावाने प्रलंबित खटले शोधा. खटला चालू असताना घेतलेले घर त्या खटल्याच्या निकालाला बांधलेले राहते. आणि मूळ दस्त पाहायला मागा, झेरॉक्स नव्हे. ‘मूळ प्रती बँकेत आहेत’ असे उत्तर आले तर घर गहाण आहे. ‘सापडत नाहीत’ असे आले तर ते कदाचित दुसऱ्या घेणाऱ्याच्या वकिलाकडे असतील.

विसार पावतीत विकणाऱ्या सगळ्यांनी ‘या घराबाबत दुसऱ्या कोणाशी लेखी वा तोंडी करार नाही, कोणाकडून विसार घेतलेला नाही’ असे लिहून द्यावे. हे लिहायला कचरणाऱ्याला विसार देऊ नका. आणि दिलाच तर मोठा देऊ नका. आमच्या मते कागद तपासून होईपर्यंत लाखभराच्या आतच थांबावे, कितीही चांगले घर असले तरी.

प्रश्न : ताळगावात सोसायटीतला जुना फ्लॅट घ्यायचा आहे. इथे शिल्लक आहे का हे कोणाला विचारावे?

सोसायटीच्या सचिवाला. फ्लॅट विक्रीला काढल्यावर मालक थकबाकी नसल्याचा दाखला मागायला सचिवाकडे जातो. आधी दुसऱ्या कोणासाठी तो मागितला गेला होता का, हे त्यांना माहीत असते. गोव्यातल्या पुष्कळ इमारतींत फक्त देखभालीची सोसायटी असते आणि जमीन अजून बिल्डर किंवा भाटकार यांच्याच नावावर असते, म्हणून सोसायटीचा दाखला हा मालकीचा पुरावा धरू नका. ओसी (भोगवटा दाखला) आणि मालकाचे नोंदणीकृत विक्रीखत पाहाच.

प्रश्न : एका जाहिरातीतला माणूस सैन्यात बदली झाल्याचे सांगतो. घर पाहण्याआधी ‘गेट पास’साठी पैसे मागतो आणि क्यूआर कोड पाठवतो. विश्वास ठेवावा का?

ठेवू नका. ही ठरलेली फसवणूक आहे आणि ते घर बहुधा दुसऱ्याच कोणाचे असते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ‘पैसे परत करतो, कोड स्कॅन करा’ हेही खोटे. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि गप्पांचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, आणि जाहिरात काढली जाण्यापूर्वी तिचाही स्क्रीनशॉट घ्या.